आखाडातला बोकड: आठ वाटे कायद्यात कुठे बसतात?

गाव ग्रामपंचायतीचे, तालुक्याचे शहर नगरपरिषदेचे, मध्ये बारा किलोमीटर. गावातल्या एका शेळीपालकाकडे उस्मानाबादी शेळ्यांचा बंदिस्त गोठा आहे. आषाढात, श्रावण लागायच्या आधी, शेजारीपाजारी आणि पाहुणे मिळून आठ घरे त्याच्याकडून एक बोकड घेतात, मळ्यातच कापतात आणि आठ वाटे करून घरोघर नेतात. यात कुणाला कधी काही वावगे वाटले नाही.

मग शेळीपालकाच्या पोराने व्हॉट्सॲप ग्रुप काढला. शनिवारी रात्रीपर्यंत मागणी नोंदवायची, रविवारी पहाटे तीन बोकड कापायचे, अर्ध्या किलोपासून पुढे हवे तेवढे मटण, पैसे यूपीआयवर, माल शहरात घरपोच. एका रविवारी तीन गोष्टी एकदम घडल्या. दोन ग्राहकांच्या मटणाला वास आला. शहरातल्या एका जुन्या वाटेकऱ्याने जिवंत बोकड मोटारसायकलवर बांधून नेला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापला. आणि गोठ्यातला एक बोकड तापाने बसला तेव्हा घरात ठरले, ‘मरायच्या आत सुरा लावू, निदान पैसे तरी सुटतील.’ तक्रार झाली ती पार्किंगमधल्या रक्तावरून, पण चौकशी सगळ्याचीच सुरू झाली.

अशी प्रकरणे आखाडात ठिकठिकाणी होतात. त्यांतली नेहमी दिसणारी अंगे एकत्र करून हे एक प्रकरण मांडले आहे. वजने आणि दर हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

सुरा लागला तेव्हा बोकड कुणाचा होता

चौकशीत पहिला वाद झाला तो ‘आम्ही तर वाटे घालतो, विकत नाही’ या वाक्यावर. वाक्य निम्मे खरे होते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्नाची व्याख्या आहे. जिवंत जनावर त्या व्याख्येतून वगळले आहे, फक्त माणसाच्या खाण्यासाठी बाजारात आणायला तयार केलेले असेल तर ते आत येते. त्याच कायद्याच्या कलम १८(३) ने शेतकरी आणि त्याचे पशुधन यांना या कायद्याच्या बाहेर ठेवले आहे. म्हणजे शेळीपालकाने बोकड उभा विकला तर तो अन्नव्यवसाय होत नाही, त्याला नोंदणी लागत नाही. आठ जणांनी तो मिळून विकत घेतला, कापला आणि आपापल्या घरी खाल्ला, तर विक्री झाली ती जनावराची. मटण कुणी कुणाला विकलेच नाही.

ग्रुपवरचा व्यवहार वेगळा. तिथे सुरा लागला तेव्हा बोकड शेळीपालकाचाच होता. कापल्यावर त्याचे किलो झाले आणि किलो विकले गेले. ही मटणाची विक्री, आणि तिला कलम १८(३) चा आडोसा घेणे धोक्याचे आहे. त्या कलमात पुढे सूट आहे ती शेतकऱ्याने शेतावर काढलेल्या पिकांच्या उत्पादनांना. मटण पिकात बसत नाही. ‘नफा घेत नाही, गावकीचं आहे’ हेही चालत नाही, कारण अन्नव्यवसायाच्या व्याख्येतच ‘नफ्यासाठी असो वा नसो’ असे शब्द आहेत.

वाटा आणि विक्री यांतला फरक ओळखायची एक सोपी कसोटी आहे: बोकडाचे मटण कमी भरले तर तोटा कुणाचा? वाटेकऱ्याने आठवा हिस्सा घेतलेला असतो. सोळा किलो निघो की चौदा, त्याच्या पदरात आठवा हिस्साच पडतो. एक किलो मागवणाऱ्याला मात्र एक किलो द्यावाच लागतो, कमी भरले तर शेळीपालक भरतो. दर किलोवर ठरला की वाटा संपला.

गावात सगळ्यांत जास्त घसरण होते ती मधल्या जागी. आठ वाट्यांचा बोकड, पाच जणांचे पैसे आलेले, तिघे ‘सकाळी सांगतो’ म्हणालेले. पहाटे बोकड कापतात आणि उरलेले तीन वाटे फोनाफोनी करून खपवतात. ते तीन वाटे म्हणजे सरळ मटणविक्री. पाचच जण असतील तर पाच वाटे करावेत किंवा बोकड पुढच्या रविवारपर्यंत उभा ठेवावा. कायद्यात ‘वाटा’ हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे पुरावा कागदाचाच. एका पानावर तारीख, बोकडाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, जिवंत वजन, ठरलेली एकूण किंमत, वाटेकऱ्यांची नावे आणि सह्या, आणि हे सगळे कापण्याच्या आदल्या दिवशी. यूपीआयवर पैसे पाठवताना ‘मटण १ किलो’ असा शेरा लिहिलेला असेल तर पान कितीही नीट लिहिलेले असो, तोच शेरा आधी पुढे येतो.

जाता जाता जत्रेचे. नवसाचा बोकड कापून गावजेवण घातले तर ते घरगुती ठरते असा समज आहे. २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाराही नोंदणीच्या कक्षेत घेतलेला आहे. जत्रा समितीने ही नोंदणी काढून ठेवणे फार अवघड नाही, पण ती काढलेली क्वचितच दिसते.

पार्किंगमधला बोकड

या भागात वादाला जागाच नव्हती. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध (कत्तलखाना) नियम, २००१ च्या नियम ३ नुसार नगरपालिका क्षेत्रात मान्यताप्राप्त किंवा परवानाधारक कत्तलखान्याबाहेर कोणतेही जनावर कापता येत नाही. बोकड स्वतःचा असला, मटण स्वतःच खाणार असला, तरी नाही. शहरातल्या सोसायट्यांत हा प्रश्न बकरी ईदच्या आधी दरवर्षी उठतो. २८ जून २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतल्या एका गृहसंकुलाच्या बाबतीत सांगितले की, महापालिकेचा परवाना नसलेल्या जागेत कत्तल होऊ देऊ नये. २०२४ साली विशाळगडाच्या प्रकरणात न्यायालयाने कुर्बानीला मुभा दिली, तीही उघड्यावर नव्हे, बंदिस्त खासगी जागेतच. १९६० च्या मूळ कायद्याचे कलम २८ धर्माने सांगितलेल्या पद्धतीने जनावर मारण्याला गुन्हा मानत नाही, पण ते पद्धतीबद्दल आहे, जागेबद्दल नाही. आखाडाच्या बोकडाला तर तेही लागू नाही, आखाड ही जिभेची परंपरा आहे.

पाय बांधून मोटारसायकलच्या टाकीवर आडवा टाकलेला बोकड हा वेगळा गुन्हा, त्याच कायद्याच्या कलम ११(१)(घ) खाली. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडा जुना आहे आणि त्यामुळेच कुणी मनावर घेत नाही. बोकडाचे हाल मात्र वाट्यात दिसतात: दगदगीने स्नायूंतली साखर संपते, कापल्यावर मटणात पुरेसे आम्ल तयार होत नाही, ते काळपट, चिकट राहते आणि लवकर खराब होते.

मळ्यात, ग्रामपंचायत हद्दीत, नियम ३ चा हा पहिला भाग लागू नाही. दुसरा भाग मात्र लोक वाचत नाहीत. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादी, स्वतः तीन महिन्यांच्या आतले करडू, आणि पशुवैद्यकाने कापण्यास योग्य म्हणून दाखला न दिलेले जनावर कापू नये, असे त्यात म्हटले आहे. या पोटनियमात ‘नगरपालिका क्षेत्रात’ हे शब्द नाहीत. म्हणून गावातही आदल्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून बोकड तपासून दाखला घेणे हाच शहाणपणा. भाकड समजून विकलेली शेळी कापल्यावर पोटात करडे निघणे हा प्रकार गावाला नवा नाही, आणि तो दाखल्यानेच टळतो. गाय, बैल, वळू यांचा विषयच नाही, महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल-वळूंच्या कत्तलीला २०१५ पासून पूर्ण बंदी आहे. म्हशीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणि नेमून दिलेली जागा लागते. घरच्या घरी वाटा घालण्याची गोष्ट शेळी-मेंढी आणि कोंबडीपुरतीच.

तापाने बसलेला बोकड

या प्रकरणातली सगळ्यांत गंभीर चूक हीच होती, आणि तिच्याबद्दल तक्रार कुणी केली नव्हती.

बोकडाला चार दिवसांपूर्वी ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे दीर्घ परिणामाचे इंजेक्शन दिले होते. खाण्याच्या जनावरांच्या औषधांवर वर्ज्य कालावधी, म्हणजे औषध दिल्यावर किती दिवस मांस खायचे नाही ते, छापणे जानेवारी २०१२ पासून बंधनकारक आहे. तो कालावधी तपासून ठरवलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे, चरबी आणि कलेजी-गुर्दा यांसह. चौथ्या दिवशी कापलेल्या बोकडाच्या मांडीत, सुई टोचलेल्या जागी, औषधाचा साठा तसाच असतो. शिजवल्याने तो भरवशाने जात नाही.

दुसरे, तापातला बोकड नीट रक्त सोडत नाही. बरगडीच्या आतल्या बाजूला लालसर-जांभळट रेषा राहतात आणि ते मटण दुपारपर्यंत बिघडायला लागते. तिसरे म्हणजे कापणाऱ्याचा जीव. पोट फुगून अचानक मेलेले, नाकातून काळसर न गोठणारे रक्त येणारे जनावर फाशी रोगाचे (अँथ्रॅक्स) असू शकते. ते कापू तर नयेच, उघडूही नये. हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू होतात आणि जागा वर्षानुवर्षे बाधित राहते. गोचीड भरलेल्या जनावराचे रक्त उघड्या हातांवर घेण्यात काँगो तापाचा धोका असतो. २०२० साली पालघर जिल्ह्यात याच तापाबद्दल सावधगिरीच्या सूचना निघाल्या होत्या. मरायच्या आत लावलेला सुरा बोकडाला खाण्यालायक करत नाही. बसलेला बोकड दवाखान्यात दाखवायचा, मेला तर खोल खड्ड्यात चुन्यासह पुरायचा.

मळ्यातले काम, पायरीने

नियमांपेक्षा मटण बिघडते ते इथे. प्रकरणातला वाट्याचा बोकड ३४ किलोचा होता, ४०० रुपये किलोने १३,६०० रुपयांना ठरला. कापणाऱ्याची मजुरी ८०० आणि वर कातडे. एकूण १४,४०० रुपये, वाट्याला १,८००.

वजन उपाशीपोटीच करायचे. रात्री चारा बंद, पाणी चालू, सकाळी काटा. पोट भरलेल्या बोकडाच्या कोठ्यात तीन-चार किलो ओला चारा सहज असतो आणि भांडण नेमके त्यावरच होते. उपाशी ठेवण्याचे खरे कारण अर्थात वेगळे: भरलेला कोठा काढताना फुटला तर सगळे मटण शेणाने माखते.

बाकीच्या शेळ्यांच्या नजरेआड, धुतलेल्या फरशीवर किंवा ताडपत्रीवर बोकड घ्यावा. कापणारा मुलाणी असो की खाटीक, सुरा धारेचा हवा, हात एक हवा आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकदम तुटायला हव्यात. त्यानंतर तीन-चार मिनिटे काही करायचे नाही. डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून पाहायचे, पापणी हलत असेल तर जनावराला अजून जाणीव असू शकते. जाणीव जाण्याआधी मान मोडणे किंवा पायाला चिरा पाडणे हे क्रूरतेत मोडते आणि त्याने काही साधतही नाही.

रक्ती हवी असेल तर पहिली धार स्टीलच्या पातेल्यात घ्यावी, तळाशी चमचाभर मीठ. नंतरची धार घेऊ नये, कारण सुऱ्याने अन्ननलिकाही कापलेली असते आणि कोठ्यातले हिरवे पाणी तिच्यातून रक्तात उतरते. रक्तीला जो गवताळ वास येतो तो याचाच. रक्त थांबले की लगेच अन्ननलिकेला सुतळीची गाठ मारावी.

मागच्या पायांच्या शिरेत आकडा घालून बोकड टांगला की अर्धे काम सोपे होते. कातडे सुऱ्याने ओढत न बसता मूठ मारत सोडवायचे. त्यात एकच नियम, केसाला लागलेला हात मटणाला लावायचा नाही. एकाने कातडे धरावे, दुसऱ्याने मूठ मारावी. पायाला चीर पाडून तोंडाने फुंकून कातडे फुगवायची जुनी सवय सोडावी, माणसाच्या तोंडातले सगळे जंतू त्या फुंकीने मटणावर पसरतात. सायकलचा पंपही स्वच्छ नसतो.

गुदाभोवती गोल चीर देऊन आतडे बाहेर ओढून बांधावे, मग पोट उघडावे. बोटे आत घालून सुऱ्याचे टोक बाहेरच्या बाजूला ठेवले तर कोठा फुटत नाही. कापल्यापासून अर्ध्या तासात आतडी-कोठा बाहेर यायलाच हवा. कलेजीवरचे पित्त आधी अलगद सोडवायचे. ते फुटले तर लागलेला भाग कापून टाकावा, धुऊन कडूपणा जात नाही.

आता कलेजी आणि फुप्फुस उजेडात धरून पाहायचे. पाण्याने भरलेल्या, पांढुरक्या, टणक गोळ्या दिसल्या तर तेवढा भाग कुत्र्याला टाकायचा नाही. गावात हेच सर्रास होते, आणि त्यातूनच गोळ्यांतले कृमी कुत्र्यात वाढतात, त्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी चाऱ्यात, पाण्यात आणि पोरांच्या हातावर येतात. असा भाग जाळावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. कलेजीत चपट्या, पानासारख्या कृमी किंवा जाड झालेल्या पित्तनळ्या दिसल्या तर कलेजी टाकावी. बाकी मटण चालते.

वजडी धुण्याची जागा, पाणी आणि सुरा वेगळा हवा. ग्रुपच्या रविवारी एकाच ओंडक्यावर, एकाच सत्तूरने आधी वजडी साफ झाली आणि मग मांड्या तुटल्या.

वाटे कसे पडले

सोललेला, आतडी काढलेला बोकड १६ किलो भरला, म्हणजे जिवंत वजनाच्या ४७ टक्के. उस्मानाबादीला हे बरोबर आहे, ५० टक्क्यांचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. टांगून तासभर ठेवले की पाणी निथळून थोडी घट येते, म्हणून वाटे घालायच्या वेळचे वजन धरायचे.

जाणता माणूस बोकड सरसकट तोडून ढीग करत नाही. प्रत्येक भाग वेगळा तोडून तो आठांत टाकतो. इथे मांड्या ५ किलो, फरे ३.२, बरगड्या-सीना-चाप ४.६, कंबर १.८ आणि मान १.४ किलो निघाली. प्रत्येक वाट्यात मांडीचे ६२५ ग्रॅम, फऱ्याचे ४००, बरगडीचे ५७५, कंबरेचे २२५ आणि मानेचे १७५ ग्रॅम, एकूण २ किलो. कलेजी ५६० ग्रॅम, म्हणजे वाट्याला ७०. गुर्दे दोनच, ते बारीक करून सगळ्या वाट्यांत टाकतात. मुंडी आणि चार पाय यांचे आठ भाग होत नाहीत, म्हणून ते आपसात लिलावाने एकालाच जातात आणि ती रक्कम एकूण खर्चातून वजा होते. बाहेरच्याला दिले तर ती विक्री झाली, हे लक्षात ठेवावे. शेवटी एकाला पाठमोरा उभा करून ‘हा कुणाचा?’ विचारायचे आणि तो नाव घेईल त्याचा वाटा. वजनकाटा आला तरी ही पद्धत टिकली, कारण काट्याला हाडे दिसत नाहीत.

वास कुठून आला

ग्रुपच्या रविवारी सहाला बोकड कापले, आठला तुकडे झाले आणि लगेच गरमच मटण प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गाठ मारली. तीसेक पिशव्या एका गोणीत, गोणी मोटारसायकलला. शेवटची पिशवी पोचली दुपारी एक वाजता. ताज्या मटणात अंगची उष्णता असते. उघड्यावर ती निघून जाते, बंद पिशवीत कोंडते, वर घाम सुटतो, आणि वजडीच्या सुऱ्यावरून आलेल्या जंतूंना ऊब आणि ओल दोन्ही मिळतात. पाच तास पुरेसे आहेत. गोणीच्या मधल्या पिशव्यांनाच वास आला, कडेच्या चांगल्या निघाल्या.

एका वाटेकऱ्याची तक्रार उलटी होती: वास नाही, पण मटण वातड. त्याने नेल्या नेल्या डीप फ्रीझरमध्ये टाकले होते. कापल्यावर काही तासांनी मटण ताठते आणि नंतर हळूहळू सैल पडते. ताठण्याआधीच ते दहा अंशांच्या खाली गेले तर आखडते आणि कुकरच्या कितीही शिट्या केल्या तरी शिजत नाही. आखाडातले मटण एक तर दोन तासांत चुलीवर चढावे, नाहीतर सावलीत वाऱ्यावर गार करून, मोकळ्या पातेल्यात झाकण अर्धवट ठेवून फ्रिजमध्ये जावे, आणि उरलेले गोठवायचे असेल तर दुसऱ्या दिवशी.

मार्ग काय निघाला

वाट्याची पद्धत तशीच राहिली, फक्त आदल्या दिवशीचे पान आणि दवाखान्याचा दाखला यांसह. वाटेकऱ्यांनी मळ्यावर यायचे आणि आपला वाटा स्वतः न्यायचा. घरपोच नाही.

मटणविक्री चालू ठेवायची तर रोज दहापर्यंत लहान जनावरे कापण्याची क्षमता नोंदणीच्या टप्प्यात बसते, त्यापुढे राज्याचा परवाना लागतो. अर्ज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर करायचा, नोंदणीसाठी फॉर्म ए. खरा खर्च कागदाचा नाही. धुता येणारी फरशी आणि भिंत, माशा अडवणारी जाळी, टांगायचे आकडे, तपासलेले पाणी, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि गार करायची सोय हे सगळे उभे करायचे तर रविवारच्या तीन बोकडांवर ते परवडत नाही. शेळीपालकाने हिशेब मांडून तो नाद सोडला. शहरातल्या परवानाधारक खाटकाला आता तो उभे बोकड काट्यावर देतो, आणि ग्रुपवरच्या गिऱ्हाइकांना त्याच खाटकाच्या दुकानाचा पत्ता मिळतो.

राहिला कचरा. कोठ्यातला चारा शेणखताच्या खड्ड्यात चालतो, रक्त आणि आतडी मात्र विहिरीपासून लांब खोल पुरून वर काटेरी फांद्या टाकाव्या लागतात. कातडे चार तासांच्या आत मिठात गेले नाही तर त्याला किंमत येत नाही. सव्वादोन किलोच्या कातड्याला मांसाच्या बाजूने किलोभर जाडे मीठ चोळायचे, घडी घालून उतरत्या जागी ठेवायचे. कातडे कापणाऱ्यालाच जाते, त्यामुळे मीठ तोच आणतो.